पीटीटी सोडली की ‘ठप्प’: घरी बांधलेल्या ट्रान्सीव्हरमधला टी-आर आवाज कसा शोधावा आणि घालवावा

स्वतः बांधलेला हॅम रेडिओचा ट्रान्सीव्हर, म्हणजे पाठवणारा आणि ऐकणारा एकाच पेटीतला सेट, पहिल्यांदा हवेवर गेला की काही दिवस आनंदात जातात, मग कान तक्रार करायला लागतात. पीटीटी (बोलताना दाबून धरायचं बटण) दाबली की ठक, सोडली की ठप्प. हेडफोन लावून बसलात तर प्रत्येक ओव्हरला, म्हणजे बोलण्याच्या प्रत्येक पाळीला, कानशिलात बसते. हैदराबादच्या अशर फरहान यांच्या बिटएक्स या सेटाच्या नकाशावरून आपल्याकडे कितीतरी सेट बांधले गेले. त्यात काय किंवा एलएम३८६ या ऑडिओ अँप्लिफायर आयसीवर स्पीकर चालवणाऱ्या इतर साध्या सेटांत काय, हा आवाज कमी-अधिक प्रमाणात भेटतोच.

‘रिले बदलून बघ’, ‘स्पीकरवर एक कपॅसिटर टाक’ हे सल्ले सर्रास मिळतात. कधीकधी ते लागूही पडतात, पण का लागू पडले हे कळत नाही आणि पावसाळ्यात दुखणं परत येतं. माझं म्हणणं असं, की आवाज कुठून येतो हे विचारण्याआधी तो नेमका केव्हा येतो ते बघावं. रिसीव्हवरून ट्रान्समिटवर जाताना आणि परत येताना (यालाच टी-आर म्हणतात) शंभरएक मिलिसेकंदांत पाच-सहा गोष्टी घडतात. बहुतेक आवाज त्यांच्या चुकलेल्या क्रमातून निघतात.

आधी टेबलावरची तयारी

अँटेना काढा आणि डमी लोड, म्हणजे अँटेनाच्या जागी शक्ती जिरवणारा रेझिस्टन्स, लावा. एक किलोओहम, एक वॅटचे २० रेझिस्टन्स समांतर जोडले की ५० ओहम आणि २० वॅट मिळतात. दहा वॅटच्या सेटला ते पुरतात. मेटल फिल्म किंवा कार्बन फिल्म वापरा. वायरवाउंड नको, त्यात इंडक्टन्स येतो. हवेवरची चाचणी शेवटी, तीही केंद्र सरकारच्या डब्ल्यूपीसीचा हॅम परवाना हातात असेल तरच.

सेट बॅटरीवर घ्या. यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी आणि मध्ये ३ अँपिअरचा फ्यूज. स्विचिंग पॉवर सप्लायचे स्वतःचे आवाज असतात आणि जूनपासून गोव्यात व्होल्टेज वरखाली होत राहतं, त्यामुळे मेन्सवर केलेल्या चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही. उलट गावात वीज गेलेली असेल तर ती वेळ वाया घालवू नका. शेजारपाजारचे एलईडी दिवे आणि पंखे बहुतेक बंद असतात, चाळीस मीटरचा (७ मेगाहर्ट्झचा) बँड चकित करण्याइतका शांत होतो आणि आपल्या सेटचे बारीक आवाज स्वच्छ ऐकू येतात.

सुटे भाग आधीच मागवून ठेवा. पणजी-मडगावात एलएम३८६ आणि डायोड मिळून जातील. २एन७००० मॉसफेट, सीलबंद रिले, फेराइट टोरॉइड यांच्यासाठी बहुधा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडकडे किंवा ऑनलाइन वळावं लागतं.

कानाने निदान

हत्यार हातात घेण्याआधी दहा-पंधरा वेळा पीटीटी दाबा, सोडा आणि नीट ऐका. जाड, खालच्या सुरातला ‘ठप्प’ म्हणजे ऑडिओच्या वाटेवर कुठेतरी डीसी पातळी एकदम बदलते आहे. कोरडा, टोकदार ‘टक’ असेल तर रिलेच्या कॉइलचा झटका किंवा अर्थच्या तारेतला प्रवाह. एका दाबण्यात दोन-तीन ठक येत असतील तर पीटीटीचं बटण किंवा रिलेचे संपर्क थरथरताहेत. सोडल्यावर क्षणभर ‘कुंई’ किंवा स्वतःच्याच आवाजाची शेपटी ऐकू आली, तर ट्रान्समिटची बाजू अजून जिवंत असताना रिसीव्हर उघडतो आहे. आणि सोडल्यावर अर्धा सेकंद सगळं दबल्यासारखं राहून मग बँड हळूहळू वर येत असेल, तर एजीसीचा (गेन आपोआप सावरणाऱ्या सर्किटचा) कपॅसिटर ट्रान्समिटच्या वेळी भरून बसला आहे.

मग व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर आणून पीटीटी दाबा. यापेक्षा उपयोगी चाचणी मला माहीत नाही. आवाज तेवढाच राहिला तर दोष व्हॉल्यूम पॉटच्या (व्हॉल्यूमच्या फिरत्या रेझिस्टन्सच्या) पुढे आहे: ऑडिओ अँप्लिफायर, त्याचा सप्लाय, अर्थ. आवाज गेला तर तो पॉटच्या मागून येतो. थोडा कमी झाला, पण उरला, तर दोन दोष आहेत आणि एकेक करूनच काढावे लागतील. सीडब्ल्यूचा (मोर्सचा) साइडटोन, म्हणजे स्वतःची कळ ऐकू येण्याचा सूर, पॉटच्या पुढे जोडलेला असेल तर ही चाचणी करताना तो सोडवून ठेवा, नाहीतर फसाल.

यानंतर फायनलचा, म्हणजे शेवटच्या पॉवर ट्रान्झिस्टरच्या (आयआरएफ५१० च्या) ड्रेनचा सप्लाय काढा आणि पुन्हा तेच करा. आवाज जसाच्या तसा राहिला तर फायनलच्या आरएफचा (रेडिओ लहरींचा) संबंध नाही, भानगड बहुधा डीसीची आहे. फायनल बंद केल्यावर आवाज गेला तर बॅटरीच्या तारा, आरएफची घुसखोरी आणि क्रम, या तिन्हीकडे बघायचं.

ऑसिलोस्कोप नसला तरी

स्कोप असेल तर एक चॅनेल पीटीटीवर, दुसरा स्पीकरवर, ट्रिगर पीटीटीच्या कडेवर आणि सिंगल शॉट. नसेल तर लॅपटॉपचं स्टिरिओ लाइन-इन पुष्कळ काम करतं. पीटीटीची १२ व्होल्टची लाइन १०० किलोओहम आणि ४.७ किलोओहमच्या विभाजकातून डाव्या चॅनेलला द्या. तिथे साधारण अर्धा व्होल्ट मिळतो. स्पीकरची बाजू तशाच विभाजकातून उजव्या चॅनेलला. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा आणि पडदा मोठा करा. दोन नमुन्यांमध्ये ०.०२ मिलिसेकंद असतात, आपल्याला याहून बारीक काही नको. साउंडकार्ड डीसी अडवतं, म्हणून पीटीटीची कड सुळक्यासारखी दिसेल. वेळ मोजायला तेवढं बस्स.

आता सुळका आणि ठप्प यांच्यातलं अंतर वाचा. जवळपास शून्य असेल तर पीटीटीच्या तारेतून किंवा अर्थमधून थेट शिरकाव. पाच-दहा मिलिसेकंद असतील तर रिले फिरल्याच्या क्षणी. पन्नास किंवा त्याहून जास्त असतील तर कुठलातरी कपॅसिटर भरतो किंवा रिकामा होतो आहे. आवाजाचा जन्मदाखला या एका आकड्यावर असतो.

पॉटच्या पुढचा दोष

सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे ट्रान्समिटच्या वेळी एलएम३८६ चा सप्लायच तोडणं. त्याचं आउटपुट सप्लायच्या निम्म्यावर, १२ व्होल्टला सुमारे ६ व्होल्टवर, उभं असतं. सप्लाय परत आला की स्पीकरच्या वाटेवरचा २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर शून्यापासून सहापर्यंत भरतो आणि तो सगळा प्रवाह स्पीकरमधून जातो. हा ठप्प घालवायचा सरळ उपाय असा: अँप्लिफायर कायम चालू ठेवा आणि गप्प करायचं ते त्याच्या इनपुटला.

सप्लाय कायम असूनही ठक येत असेल तर एलएम३८६ तात्पुरता वेगळ्या ९ व्होल्टच्या बॅटरीवर घ्या, अर्थ समाईक ठेवा. आवाज गेला तर सप्लायमधून येत होता. सप्लायच्या वाटेत १० ओहम आणि आयसीजवळ ४७० मायक्रोफॅरड टाका. पिन ७ ते अर्थ १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे ना, हेही बघा. पुष्कळ नकाशांत तो गाळलेला असतो.

बॅटरी वेगळी करूनही गेला नाही तर अर्थ. १२ व्होल्टच्या ४०० ओहम कॉइलच्या रिलेला ३० मिलिअँपिअर लागतात. हा प्रवाह ऑडिओच्याच अर्थपट्टीवरून परत जात असेल आणि त्या पट्टीचा रोध फक्त ०.०५ ओहम असेल, तरी १.५ मिलिव्होल्टची पायरी तयार होते. पिन १ आणि ८ मध्ये कपॅसिटर घालून एलएम३८६ चा गेन २०० केला असेल तर आउटपुटवर ०.३ व्होल्ट. स्पीकरमध्ये तो टक्क ऐकू येतो. म्हणून रिलेची परतीची तार थेट सप्लायच्या सॉकेटपर्यंत वेगळी न्या, फायनलचीही वेगळी, आणि ऑडिओची तिसरी. तिन्ही एकाच बिंदूवर भेटू द्या. कॉइलवर १एन४००७ उलटा, पट्टा पॉझिटिव्हकडे, असायलाच हवा. नसेल तर ठक तर येतेच, वर रिले चालवणारा ट्रान्झिस्टरही एक दिवस जातो.

पॉटच्या मागचा दोष: म्यूट

या भागावर वेळ खर्च करा.

रिसीव्हरची पहिली ऑडिओ पायरी आर-लाइनवर, म्हणजे फक्त रिसीव्हच्या वेळी मिळणाऱ्या सप्लायवर, चालते. पीटीटी दाबली की तिचा सप्लाय जातो, सोडली की येतो. तिच्या कलेक्टरवर ६ व्होल्ट असतील तर तेवढीच पायरी एक मायक्रोफॅरडच्या कपलिंग कपॅसिटरमधून १० किलोओहमच्या पॉटवर येऊन पडते. जिथे मिलिव्होल्टचं भाषण यायचं तिथे सहा व्होल्टचा धक्का. एक मायक्रोफॅरड आणि दहा किलोओहमचा काळ-स्थिरांक १० मिलिसेकंद. सहा व्होल्टचा धक्का एक मिलिव्होल्टपर्यंत ओसरायला असे जवळजवळ नऊ काळ, म्हणजे ८५-९० मिलिसेकंद लागतात. ‘बास चांगला यावा’ म्हणून तिथे १० मायक्रोफॅरड घातला असेल तर हाच वेळ पाऊण सेकंदाच्या वर जातो. भाषणाच्या सेटला १ मायक्रोफॅरडपेक्षा मोठा कपॅसिटर तिथे लागत नाही.

धक्का टाळता येत नाही. तो ओसरेपर्यंत दार बंद ठेवायचं, म्हणजे ऑडिओ म्यूट करायचा. जोडणी अशी: पॉटच्या मधल्या पायापासून १० किलोओहम, त्यापुढच्या बिंदूवर २एन७००० चा ड्रेन, सोर्स अर्थला, आणि त्याच बिंदूपासून १ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून एलएम३८६ ची पिन ३. चपटी बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर २एन७००० चे पाय डावीकडून सोर्स, गेट, ड्रेन. गेटवर १२ व्होल्ट आले की तो ड्रेनला जास्तीत जास्त पाचेक ओहमने अर्थ करतो, म्हणजे १० किलोओहमशी मिळून ६६ डेसिबलचा बंधारा.

शेवटचा एक मायक्रोफॅरड अनेक जण वाचवतात आणि मग म्यूट लावूनही बारीक टक का येते म्हणून डोकं खाजवतात. एलएम३८६ च्या इनपुटमधून सुमारे २५० नॅनोअँपिअर बाहेर वाहतात. दहा किलोओहमवर त्याचे दोन-अडीच मिलिव्होल्ट होतात. म्यूटने तो बिंदू अर्थ केला की ते शून्य होतात, आणि गेन २०० असेल तर आउटपुटला पुन्हा अर्ध्या व्होल्टची उसळी. म्हणजे गप्प करणाराच बोलतो. मध्ये कपॅसिटर असला की ड्रेनवर डीसी राहतच नाही; पिन ३ ला आतून अर्थची वाट असते, त्यामुळे तिचंही काही अडत नाही. याच कारणासाठी रिसीव्हच्या वेळी पॉटवर मल्टिमीटर लावून डीसी मोजा. शून्य दिसायला हवं. दहा-वीस मिलिव्होल्ट दिसले तर मागचा इलेक्ट्रोलिटिक गळतो आहे, तो बदला.

गेटची बाजू: पीटीटीबरोबर १२ व्होल्टवर जाणाऱ्या लाइनपासून १० किलोओहम, मग १एन४१४८ (पट्टा गेटकडे), आणि गेटपासून अर्थला १०० नॅनोफॅरड व ६८० किलोओहम समांतर. दाबताना कपॅसिटर १० किलोओहममधून मिलिसेकंदाभरात भरतो, म्हणजे म्यूट रिले हलण्याआधी लागतो. सोडताना डायोड मागची वाट अडवतो आणि कपॅसिटर फक्त ६८० किलोओहममधून रिकामा होतो. गेट सव्वाअकरा व्होल्टवरून २ व्होल्टपर्यंत उतरायला १२० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. २एन७००० चा उंबरठा ०.८ ते ३ व्होल्ट यांत कुठेही असू शकतो, त्यामुळे प्रत्यक्षात ९० ते १८० काहीही मिळेल. तुमच्या नगाचं मोजा आणि ६८० किलोओहमचा आकडा त्याप्रमाणे हलवा.

तुमच्या सेटमध्ये पीटीटी दाबल्यावर लाइन अर्थ होत असेल, आणि बहुतेकांत तसंच असतं, तर म्यूटला टी-लाइनवरून, म्हणजे फक्त ट्रान्समिटच्या वेळी चालू असणाऱ्या सप्लायवरून, व्होल्टेज द्या. मग म्यूट रिलेबरोबर लागेल, आधी नाही. दाबतानाची थोडी ठक राहिली तर एक पीएनपी ट्रान्झिस्टर घालून थेट पीटीटीवरून उलटा सिग्नल काढा.

शेपटी: टी-लाइन वेळेवर मरत नाही

सोडल्यावर ‘कुंई’ येत असेल तर टी-लाइनवरचे इलेक्ट्रोलिटिक बघा. रिलेने सप्लाय तोडला तरी १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर माइकचा अँप्लिफायर आणि ड्रायव्हर काही काळ पोसत राहतो. बिटएक्ससारख्या सेटात तीच पायरी दोन्ही दिशांना काम करते, त्यामुळे दोन्ही दिशा थोडा वेळ एकदम जाग्या राहतात. टी-लाइन ते अर्थ ४७० ओहमचा रेझिस्टन्स टाका. काळ-स्थिरांक ४७ मिलिसेकंद होतो. ट्रान्समिटच्या वेळी त्यात ०.३ वॅट जळतात, म्हणून अर्धा वॅटचा घ्या. मुळात कपॅसिटरच १० मायक्रोफॅरडवर आणता आला तर तो जास्त चांगला उपाय.

सोडल्यानंतर ‘श्श’ असा आवाज कायम राहत असेल आणि व्हॉल्यूम कमी केल्यावर तोही कमी होत असेल, तर आयआरएफ५१० चा गेट बायस रिसीव्हमध्येही चालू आहे का ते मोजा. बायस लागलेला फायनल चक्क नॉइज जनरेटर असतो. बायस टी-लाइनवरूनच घ्यावा.

क्रम

अँटेना आणि सप्लाय एकाच रिलेच्या दोन संपर्कांवर असतील तर दोन्ही एकदम फिरतात आणि क्रम तुमच्या हातात राहत नाही. रिले मागे येताना आरएफ अजून उतरत असतो, संपर्कांवर ठिणगी पडते आणि तो आरएफ रिसीव्हरच्या तोंडावर जातो. रिले अँटेनाला ठेवा. टी-लाइनसाठी बीडी१४० सारखा पीएनपी किंवा पी-चॅनेल मॉसफेट वेगळा लावा. व्हीएफओसाठी (फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या भागासाठी) आर्डुइनो नॅनो बसवलाच असेल तर त्याच्या दोन-तीन मोकळ्या पिनांवर हे सगळं येतं. दाबताना: म्यूट, ५ मिलिसेकंद थांबा, अँटेना रिले, १५ मिलिसेकंद थांबा, टी-लाइन. सोडताना: टी-लाइन बंद, १० मिलिसेकंद, अँटेना रिले परत, मग १०० मिलिसेकंदांनी म्यूट उघडा. भाषणात सुरुवातीचे २० मिलिसेकंद कोणाच्याही लक्षात येत नाहीत. सीडब्ल्यूवाल्यांनी मात्र रिले प्रत्येक टिंबाला न हलवता शेवटच्या टिंबानंतर अर्धा सेकंद धरून ठेवावा, आणि कॅरिअर पाचेक मिलिसेकंदांत चढेल-उतरेल असा आकार द्यावा. नाहीतर तुमची टकटक शेजारच्या फ्रिक्वेन्सीवाल्यांना ऐकावी लागते.

डमी लोडवर शांत, अँटेनावर ठप्प

असं झालं तर आरएफ ऑडिओत शिरतो आहे. फ्लॅटच्या बाल्कनीतून टाकलेली एंड-फेड (एका टोकाला जोडलेली) तार आणि नावापुरता अर्थ असेल तर हे हमखास. गोव्यात अर्थिंगची सळई चिऱ्याच्या थरात ठोकलेली असते. एप्रिल-मेमध्ये चिरा सुकतो आणि अर्थ कागदावरच उरतो. मग परतीचा आरएफ कोअॅक्सच्या बाहेरून, चॅसिसवरून, माइकच्या तारेवरून वाट काढतो. कोअॅक्सचे दहा-बारा वेढे मोठ्या फेराइट टोरॉइडवर घ्या, माइक आणि स्पीकरच्या तारांवर लहान फेराइट चढवा, आणि पिन ३ ते अर्थ १ नॅनोफॅरडचा सिरॅमिक आयसीच्या अगदी पायाशी लावा. एंड-फेडला काउंटरपॉइज, म्हणजे अर्थच्या जागी काम करणारी तार, जोडून बघा. एका तारेने पुष्कळ फरक पडतो. विजांच्या दिवसांत अँटेना काढून ठेवायची हे वेगळं सांगायला नको.

पावसाळ्यातलं दुखणं

मार्चमध्ये शांत असलेला सेट जुलैत पुन्हा ठप्प करायला लागला तर सर्किट बदलायला धावू नका. म्यूटचा गेट बघा. तिथे ६८० किलोओहमसारखा मोठा रोध आहे आणि भोवती सोल्डरिंगचा न पुसलेला फ्लक्स. दमट हवेत तो फ्लक्स पाणी धरतो आणि पृष्ठभागावरून गळती सुरू होते. ती गळती एक मेगओहमची झाली तरी ६८० किलोओहमचे प्रत्यक्षात ४०५ उरतात, १२० मिलिसेकंदांचे ७० होतात आणि धक्का ओसरण्याआधीच म्यूट उघडतो. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासा, विशेषतः गेटभोवती. पूर्ण वाळू द्या आणि मगच वार्निशचा पातळ हात मारा. ओलावा आत राहिला आणि वर वार्निश चढलं तर आधीपेक्षा वाईट.

पीटीटीचं बटण आणि माइकचा जॅक खाऱ्या हवेत हिरवे पडतात. एका दाबण्यात अनेक ठक येण्याचं हे पहिलं कारण; अल्कोहोलने पुसा, बटण जुनं असेल तर बदला. रिसीव्हच्या वाटेवरच्या रिले संपर्कांतून मायक्रोव्होल्ट जातात, त्यामुळे ऑक्साइड जाळायला तिथे पुरेसा प्रवाहच नसतो. सेटवर टिचकी मारली की सिग्नल वाढतो-पडतो का बघा. तसं होत असेल तर उघड्या रिलेला कानस लावत बसू नका, सीलबंद रिले घाला. सेट ज्या कपाटात राहतो तिथे शून्य वॅटचा एक बल्ब पेटता ठेवला तर चवथीपर्यंत बोर्ड कोरडा राहतो. सगळं झाल्यावर लॅपटॉपवरचं रेकॉर्डिंग पुन्हा काढा आणि सेट शांत असतानाच्या फाइलशेजारी ठेवा. पुढच्या वेळी ठप्प आला की पहिल्यांदा सुळक्यापासूनचं अंतर तेवढंच आहे का, ते जुळवून बघायचं.